शिव्या तुझ्या, चहा माझा

आयचुरोक आणि टोकतोसुन यांच्यात एक ठराव होता. तो कोणी लिहून दिलेला नव्हता आणि वरिष्ठांनाही ठाऊक नव्हता. वर्षानुवर्षं एकाच गाडीत बसून तो आपोआप मुरला होता.

गाडी म्हणजे तालुका रुग्णालयाची जुनी रुग्णवाहिका. आकाराने पावासारखी, म्हणून लोक तिला 'बुखान्का', म्हणजे पावच म्हणत. टोकतोसुन तिचा ड्रायव्हर, आयचुरोक फेल्डशर. डॉक्टर नव्हे, पण डोंगरातल्या त्या तालुक्यात गाडीवर डॉक्टर कधी बसलाच नाही. सुई, सलाइन, बाळंतपण, मोडलेलं हाड, सगळं फेल्डशरनेच निस्तरायचं.

ठराव असा: गाडी दारात थांबली की आधी टोकतोसुन उतरायचा. कुत्रा बांधलाय का, घरात कोणी पिऊन सुरी हातात धरून बसलंय का, कोळशाच्या शेगडीचा धूर खोलीत कोंडलाय का, हे बघून तो आतून ओरडायचा, "ताझा!" ताझा म्हणजे स्वच्छ, धोका नाही. तो शब्द ऐकल्याशिवाय आयचुरोक उंबरा ओलांडायची नाही.

ठरावाचा दुसरा अर्धा भाग तिच्याकडे होता. कडू बोलणं तिचं. पिऊन तर्र झालेल्या नवऱ्याला खोलीबाहेर काढायचं, आजीच्या उशाशी जमलेल्या अर्ध्या गावाला हाकलायचं, "मुल्लाला नंतर बोलवा, आधी हिला इस्पितळात नेऊ द्या," असं तोंडावर सांगायचं, हे तिनेच करायचं. टोकतोसुन तेव्हा खांदे उडवून घरच्या पुरुषांना म्हणायचा, "काय करणार, बाईसाहेब ऐकत नाहीत." लोक तिच्यावर डाफरायचे, आणि सगळं शांत झालं की त्याला चहाला बसवायचे. तो परत यायचा तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात मूठभर बोरसोक असायचे, पिठाचे तळलेले गोळे, अजून गरम.

"घे, तुझ्या वाटणीचे. शिव्या तुझ्या, चहा माझा. न्याय झाला की नाही?"

"बाइके, कधीतरी उलटं करून बघू." वयाने मोठ्या माणसाला तिकडे बाइके म्हणतात, आपल्या दादासारखं.

"मला शिव्या सोसत नाहीत गं. हृदय नाजूक आहे माझं."

हा विनोद त्याने इतक्या वेळा केला होता की गेल्या शरदात, घाटातून रिकामी गाडी उतरवताना तो एकाएकी रस्त्याच्या कडेला थांबला आणि छातीवर हात ठेवून स्टिअरिंगवर वाकला, तेव्हा आयचुरोकला आधी तो थट्टाच करतोय असं वाटलं. मग तिने त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला. त्याला मागच्या स्ट्रेचरवर झोपवून तिने त्याच्याच गाडीतल्या यंत्रावर त्याच्या हृदयाचे ठोके काढले, जिभेखाली गोळी ठेवली. यंत्र जे दाखवत होतं ते वाचायला डॉक्टर लागत नव्हता.

"चुरोक," तो बऱ्याच वेळाने म्हणाला. तिला एवढ्या छोट्या नावाने हाक मारणारा तो एकटाच. "पेन्शनला थोडंच राहिलंय. गुरं नाहीत माझ्याकडे, मुलगा रशियात बर्फ उपसतोय. मला गाडीवरून उतरवू नकोस. तू काही पाहिलं नाहीस."

तिने काही पाहिलं नाही. त्या दिवसापासून तिच्या कोटाच्या वरच्या खिशात त्याच्या गोळ्यांची डबी असायची, आणि चढ आला की ती त्याच्या ओठांच्या रंगाकडे बघायची.

*

नूरुझ, वसंतातला नववर्षाचा सण, होऊन गेला होता. दुपारी बर्फ पाणचट व्हायचा आणि लोक लागवडीसाठी बियाण्याचे बटाटे वर काढायला लागले होते. त्या भागात बटाटे जमिनीखालच्या खड्ड्यात ठेवतात. ओरो म्हणतात त्याला. दोन पुरुष खोल, वर लाकडी झाकण, आत उतरायला शिडी. हिवाळ्यात थंडी शिरू नये म्हणून हवेचं भोक जुन्या नमद्याने, लोकरीच्या जाड तुकड्याने, बुजवून टाकतात. भोक बुजलेलं राहिलं आणि खाली बटाटे सडले, की ते हवा पिऊन टाकतात. वरून काहीच दिसत नाही. वाससुद्धा फारसा येत नाही.

फोन आला तो कारा-बुलुन गावातून. ओरोत दोन माणसं पडली आहेत, लवकर या. पत्ता ऐकल्यावर टोकतोसुनने गाडीचा वेग वाढवला. गाव त्याचं स्वतःचं होतं आणि घर त्याच्या चुलतभावाचं, जेनालीचं.

"बाइके, हळू. आपणच दरीत गेलो तर त्यांना कोण काढणार?"

"तू तुझं बघ," तो म्हणाला. तो असं कधी बोलत नसे.

त्यांनी अंगण गाठलं तेव्हा तिथे वीसेक माणसं होती. जेनाली सकाळी बटाटे आणायला उतरला आणि वर आला नाही. त्याचा मुलगा मेदेर बापाला बघायला उतरला, तोही वर आला नाही. आता मेदेरचा एक मित्र शिडीच्या पहिल्या पायरीवर उभा होता, कमरेला दोर बांधून.

"थांब! वर ये!" आयचुरोक गाडीतून उडी मारतानाच ओरडली. 'ताझा'ची वाट बघायला वेळ नव्हता, आणि इथे तो शब्द येणारही नव्हता. "वर ये म्हटलं ना! मेणबत्ती आणा कोणीतरी, आणि बादली."

"बॅटरी आहे की, बाई. मेणबत्ती कशाला?"

"बॅटरी हवा नसताना पण पेटते. मेणबत्ती आणा."

बादलीत पेटती मेणबत्ती ठेवून तिने दोराने ती खाली सोडली. शिडीच्या तिसऱ्या पायरीशी ज्योत बारीक झाली, चौथीशी विझली. खाली अर्धवट उजेडात मेदेर दिसत होता. शिडीच्या पायथ्याशी बटाट्यांच्या ढिगावर पाठीवर पडलेला, एक हात वर. बाप त्याच्या पलीकडे, तळाशी. फक्त त्याचा बूट दिसत होता.

"खाली हवा नाही," आयचुरोक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "जो उतरेल तो तिथेच राहील. बचाव पथकाला कळवलंय, त्यांच्याकडे तोंडाला लावायची हवा आहे. तोवर कोणी उतरायचं नाही."

"तोवर?" जेनालीचा थोरला भाऊ असनकादिर पुढे आला. पांढरी दाढी, डोक्यावर पांढरा कल्पाक, गावच्या अक्साकालांमध्ये, म्हणजे जाणत्या म्हाताऱ्यांमध्ये, त्याचा शब्द पहिला. "तोवर आम्ही काय करायचं, चहा प्यायचा? माझा भाऊ आहे खाली!" त्याने अंगणभर नजर फिरवली आणि ती टोकतोसुनवर थांबली. "आणि तुझाही. टोकतोसुन! तू सरकारी माणूस, तुला शिकवलंय हे. तू उतर."

सगळे टोकतोसुनकडे बघायला लागले. त्या गावात त्याचा जन्म झाला होता, बापाची कबर तिथेच टेकडीवर होती. अशा ठिकाणी, अशा वेळी, नाही म्हणणारा पुरुष परत कोणाच्या दारात बसू शकत नाही. टोकतोसुनने कोट काढला. मेदेरच्या मित्राच्या कमरेचा दोर सोडून आपल्या कमरेला बांधला. मग बॅटरी घ्यायला म्हणून तो आयचुरोकजवळ आला, लोकांकडे पाठ करून वाकला, आणि ओठ न हलवता म्हणाला,

"चुरोक, मला अडव. शिडी ओढ."

तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठांच्या कडा निळसर झाल्या होत्या आणि इतक्या गारठ्यात वरच्या ओठावर घाम होता.

आयचुरोकने शिडी धरली आणि वर ओढली. शिडी लांब होती, ओल्या लाकडाची, जड. कोणीतरी किंचाळलं, कोणीतरी खालचं टोक धरायला धावलं, तोवर ती बाहेर आली होती. आयचुरोकने ती बर्फात आडवी टाकली आणि तिच्यावर बसली.

"सोड!" टोकतोसुन गरजला. "माझा भाऊ आहे तो! सोड म्हणतो ना!"

"नाही."

"बघा! बघा हिच्याकडे!" तो लोकांकडे वळला, हात पसरून. त्याचा आवाज इतका खरा होता की क्षणभर तिलाही खरा वाटला. मग तिच्या मनात आलं, झालं, शिव्या माझ्या. आणि त्या तसल्या प्रसंगीही तिला थोडं बरं वाटलं. दोघांचं काम नेहमीसारखं चाललं होतं.

कल्पना मात्र टोकतोसुनचीच. "उकुरुक आणा!" तो ओरडला. उकुरुक म्हणजे घोडे पकडायचा लांब दांडा, टोकाला फास. तरुणपणी कळपामागे हिंडलेला माणूस तो, फास कसा टाकायचा हे त्याच्या मनगटात होतं. तो ओरोच्या तोंडाशी पोटावर झोपला. आयचुरोकने त्याचा पट्टा धरला आणि दर थोड्या वेळाने त्याला मागे खेचून दम घ्यायला लावला. तिसऱ्या खेपेला फास मेदेरच्या वर झालेल्या हातावरून काखेपर्यंत गेला. फासाला दोर जोडला, पाच जणांनी ओढला, आणि मेदेर बटाट्यासारखा मातीने माखलेला बाहेर आला.

तो श्वास घेत नव्हता. नाडी होती, बारीक. आयचुरोकने त्याचं तोंड साफ केलं, मान मागे केली, पिशवी दाबून श्वास द्यायला लागली. प्राणवायूचं नळकांडं गाडीत एकच होतं.

"हा झाला! आता जेनाली!" असनकादिर तिच्या डोक्यावर उभा होता. "ऊठ, तिकडे चल!"

"फास तिकडे पोचत नाही. माझे हात इथे आहेत. हे काढले तर हाही जाईल."

"बाप खाली आणि पोरगं वर? आधी बाप काढायचा असतो!"

"आधी जगणारा काढायचा असतो," ती म्हणाली, आणि पिशवी दाबत राहिली.

मेदेरने स्वतःहून पहिला श्वास घेतला तेव्हा बचाव पथकाची गाडी फाटकात शिरत होती. तोंडाला मुखवटे लावून दोघं उतरले आणि जेनालीला घेऊन आले. आयचुरोकने मेदेरला टोकतोसुनच्या हवाली केलं आणि जेनालीवर जे करायचं ते सगळं केलं, जास्तच वेळ केलं. मग उठून तिने त्याच्या बायकोकडे, बातमाकडे पाहिलं आणि मान हलवली.

बातमा रडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरगा वर दिलास, नवरा खाली ठेवलास."

*

जेनालीला पुरलं. अंगणात राखाडी तंबू उभा राहिला, पुरुष दाराशी काठीवर वाकून हंबरडा फोडत राहिले, घोडा कापला, आलं-गेलं सगळं रीतसर झालं. मेदेर घरी परतला. आणि गावात गोष्ट तयार झाली. गोष्ट अशी: टोकतोसुनने घोड्याच्या फासाने एकाला काढलं. दोर बांधून तो दुसऱ्याला काढायला निघाला होता, पण त्या फेल्डशर बाईने शिडी ओढली आणि शिडीवर बसून राहिली. बाईला स्वतःच्या जिवाची भीती, म्हणून दुसऱ्यालाही जाऊ दिलं नाही. ज्यांनी मेणबत्ती विझताना पाहिली होती तेही अशीच सांगायला लागले. असनकादिरने तक्रार केली.

रुग्णालयाचे प्रमुख रिस्केल्दी डॉक्टर वाईट मनुष्य नव्हते. शांतता आवडणारे होते. त्यांनी आयचुरोकला खोलीत बोलावलं, दार लावलं.

"नियम तुझ्या बाजूने आहे. जागा सुरक्षित नसेल तर आत जायचं नाही आणि कोणाला जाऊ द्यायचं नाही. मलाही कळतं. पण गावाला नियम कोण सांगणार? मी सांगितला तर म्हणतील, स्वतःच्या माणसाला वाचवतोय. हे वर प्रांताकडे गेलं तर सगळ्यांनाच जड जाईल." त्यांनी चष्मा पुसला. "टोकतोसुन त्यांचा आहे. त्याने गावात उठून सांगितलं की शिडी ओढणं बरोबर होतं, की मिटलं. तो नाही म्हणाला तर मला तुला गाडीवरून काढावं लागेल. लसीकरणाच्या खोलीत बस, सुया दे. पगार तोच."

"मी गाडीवरच बसणार, डॉक्टर. मला दुसरं काही येत नाही."

"मग टोकतोसुनशी बोल."

बोलायची गरज आहे असं तिला वाटलं नव्हतं. गावात या तक्रारीवर सभा ठरली होती; त्या दिवशी कारा-बुलुनच्या चढावर तिने विषय काढला तेव्हा तो हसला.

"वेडी आहेस का? मी आहे ना. उठेन, सांगेन."

"ते कानात म्हणालात ते नका सांगू. तुम्ही उतरला असता तर मेला असता, एवढं म्हणा. हवा नव्हती, शिडी ओढणं बरोबर होतं. बस."

"बस ना. त्यात काय एवढं?" थोडं पुढे गेल्यावर त्याने हात पुढे केला. "एक गोळी दे. चढ आहे."

तिने खिशातली डबी काढून गोळी दिली.

*

सभा गावच्या जुन्या क्लबात होती. पुढच्या बाकांवर अक्साकाल, मागे तरुण, भिंतीशी बायका. मेदेर आईशेजारी मान खाली घालून बसला होता. रिस्केल्दी डॉक्टरांनी दोन शब्द बोलून आयचुरोकला उभं केलं.

"खाली हवा नव्हती," ती म्हणाली. "मेणबत्ती विझली, तुम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"वाऱ्याने विझली असेल," कोणीतरी म्हणालं.

"जमिनीखाली कसला वारा?"

मागे एक-दोघे हसले. असनकादिरने काठी आपटली. "हसताय काय? हिला विचारा, स्वतःच्या बापाला असंच ठेवलं असतंस का खाली? शिडीवर बसून? घोडीवर बसल्यासारखी!"

"ठेवलं असतं," आयचुरोक म्हणाली. "आणि जन्मभर रडले असते. पण दुसऱ्या कोणाच्या बापाला त्याच्यामागे पाठवलं नसतं. ओरोत एकामागून एक तिघं-चौघं गेलेली घरं या तालुक्यात आहेत. तुम्हाला माहीत नाही असं नाही, अक्साकाल."

म्हातारे आपापसात कुजबुजले. हवा थोडी तिच्या बाजूला वळली होती. रिस्केल्दी डॉक्टरांनीही ते ओळखलं आणि घाईने म्हणाले, "टोकतोसुनला विचारू. तो तिथे होता, तो तुमचाच आहे. टोकतोसुन, सांग. शिडी ओढणं बरोबर होतं का?"

टोकतोसुन उठला. टोपी हातात घेतली. समोर असनकादिर बसला होता, त्याच्यामागे टोकतोसुनच्या बापाला ओळखणारे सगळे.

"मी काय सांगू?" तो म्हणाला. "तुम्ही पाहिलंत. मी कोट काढला, दोर बांधला. माझा भाऊ होता तो."

"ते विचारत नाहीत," असनकादिर म्हणाला. "ती आडवी आली नसती तर उतरला असतास ना?"

टोकतोसुनने टोपी एकदा फिरवली.

"उतरलो असतो."

"आणि काढला असतास?"

"देवाला ठाऊक. प्रयत्न केला असता."

आयचुरोक अजून उभीच होती. तिला वाटलं, वाक्य अजून संपलेलं नाही. आता तो 'पण' म्हणेल. तो खाली बसायला लागला.

"टोकतोसुन बाइके," ती म्हणाली. "बॅटरी घ्यायला माझ्याजवळ आलात तेव्हा मला काय म्हणालात, ते सांगा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नजर चुकवली असती तर बरं झालं असतं. त्याने सरळ पाहिलं, जसा तो अनोळखी घरातल्या कुत्र्याकडे बघायचा, चावेल का ते जोखत.

"काय म्हणालो? बॅटरी दे म्हणालो," तो म्हणाला. मग नेहमीसारखे खांदे उडवले, नेहमीच्याच आवाजात, नेहमीच्याच शब्दांत बोलला, "काय करणार? बाईसाहेब ऐकत नाहीत."

आयचुरोकने ते वाक्य ओळखलं. खोटं तो पूर्वीही बोलला होता, तिच्या समोर, तिच्या संमतीने, शेकडो उंबऱ्यांवर. ते खोटं दोघांचं होतं. आज ते त्याने एकट्याने वापरलं आणि तिला घराबाहेर उभं केलं.

तिच्याकडे बोलायला एक गोष्ट होती. या माणसाचं हृदय अर्धं निकामी आहे. हा शिडीच्या दुसऱ्या पायरीवर मेला असता, आणि हे याला तेव्हाही ठाऊक होतं. एवढं म्हटलं असतं तर सभा तिथेच संपली असती. वाक्य जिभेवर आलं होतं. पण रुग्णाचं दुखणं चारचौघांत उघडं करायचं नसतं. सतरा वर्षं तिने ते केलं नव्हतं. आणि यंत्राच्या पट्टीवरची ती वेडीवाकडी रेघ तिने ज्याची पाहिली तो त्या दिवशी तिचा रुग्ण होता.

ती खाली बसली.

भिंतीशी बातमाने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. मेदेरने एकदा वर पाहिलं, ओठ उघडले, आणि काकाच्या काठीकडे बघून मिटले.

रिस्केल्दी डॉक्टरांनी निकाल शक्य तितक्या हळू आवाजात सांगितला. एक तारखेपासून आयचुरोक लसीकरणाच्या खोलीत. गाडीवर दुसरा फेल्डशर येईल, दाइरबेक, शेजारच्या खोऱ्यातून बदलून. अक्साकालांनी हात पसरून दुआ केली, तोंडावरून हात फिरवले. झालं. डॉक्टरांना जेवायला थांबवून घेतलं. टोकतोसुनला चहाला.

*

ती गाडीशी उभी राहिली. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला होता. रस्त्यापलीकडे जेनालीचं घर दिसत होतं, ओरोचं झाकण उघडं, हवेच्या भोकातला नमदा काढून कुंपणावर वाळत टाकलेला. गावातल्या सगळ्याच ओरोंचे नमदे आता काढलेले होते. येताना तिने ते मोजले नव्हते, पण पाहिले होते.

टोकतोसुन बऱ्याच वेळाने आला. गाडीजवळ आल्यावर त्याने कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठ पुढे केली.

"घे. तुझ्या वाटणीचे."

बोरसोक गरम होते. वाफ दिसत होती. आयचुरोकने हात कोटातच ठेवले.

"समजून घे गं," तो म्हणाला. "माझी कबर इथेच खणली जायची आहे. उचलणारे खांदे हेच. मी म्हटलं असतं की मला अडव असं मीच सांगितलं, तर मला कोणी मातीसुद्धा दिली नसती. तुला काय? लसीची खोली गरम असते. रात्रपाळी नाही, घाट नाही, दारुडे नाहीत. सुटलीस म्हण."

"मी तुम्हाला ते सांगायला लावलंच नव्हतं. शिडी ओढणं बरोबर होतं, एवढं म्हणायचं होतं."

"तेच झालं की! बरोबर होतं म्हटलं तर मग मी दोर कशाला बांधला, हे विचारलं असतं त्यांनी." तो थोडा वैतागला. "आणि शिव्या तुझ्याच असतात ना नेहमी? आजवर कधी तक्रार केली नाहीस."

तिने त्यावर विचार केला. तो खरंच तसं समजत होता. त्याच्या लेखी आजचा दिवस बाकीच्या दिवसांसारखाच होता, फक्त शिव्या थोड्या जास्त.

"दाइरबेकला चार मुलं आहेत," ती म्हणाली.

"कोण? तो नवा? असतील. मग?"

"एक तारखेपासून तो या सीटवर बसणार. मागे बाळंतीण असेल, म्हातारा असेल. घाटात तुमच्या छातीत कळ आली तर तुमच्या ओठांकडे बघायचं असतं, हे त्याला ठाऊक नाही."

टोकतोसुनची मूठ हळूहळू खाली आली.

"उद्या सकाळी रिस्केल्दी डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा. दार लावून, एकट्यात. नाहीतर दुपारी मी सांगेन."

"सूड उगवतेस?"

"लोक तसंच म्हणतील."

"माझी भाकरी काढून घेतेस, चुरोक! एवढी वर्षं..." तो एक पाऊल जवळ आला. "तेव्हा गप्प बसलीस ना? मग आताच का? तेव्हा धोका नव्हता?"

"होता. तेव्हा मी इथे बसत होते. मला वाटायचं मी बघेन." तिने वरच्या खिशातून डबी काढली आणि त्याच्या रिकाम्या हातावर ठेवली. "मी शिडी ओढतेय, बाइके. या वेळी तुम्ही सांगितलं नाहीत, एवढंच."

त्याने डबीकडे पाहिलं. एका हातात डबी, दुसऱ्यात बोरसोक. क्लबाच्या दारातून कोणीतरी त्याला नावाने हाक मारली, मांस वाढलंय, ये. त्याने वळून पाहिलं नाही.

"किल्ली द्या," ती म्हणाली.

"तू चालवणार?"

"तुम्हीच शिकवलंत."

त्याने बोरसोक डाव्या खिशात कोंबले, किल्ली काढून दिली, आणि चिखलातून गाडीला वळसा घालून तिच्या जागेवर, फेल्डशरच्या जागेवर जाऊन बसला. ती जागा त्याला लहान पडत होती. गुडघे पुढे टेकत होते. आयचुरोकने सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. बुखान्का खोकली आणि सुरू झाली. मागे वळवून रस्त्यावर घ्यायची होती. मागच्या बाजूला कुंपण होतं, चिखल होता, आणि सभेनंतर रेंगाळणारी माणसं.

टोकतोसुनने सवयीने काच खाली केली, डोकं बाहेर काढून मागे पाहिलं.

"ताझा," तो म्हणाला.

आयचुरोकने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, खाली उतरली आणि मागे काय आहे ते स्वतः बघायला गेली.